पिवळी अष्टपुत्री, सावळी नवरी आणि हाय-की: एका फोटोचं एडिटिंग

मंगल कार्यालयातली खोली, वैशाखातली सकाळ, गौरीहर पूजायला बसलेली नवरी. अंगावर मामाकडची पिवळी अष्टपुत्री, लाल काठाची. हातात हिरवा चुडा, कपाळाला मोत्यांच्या मुंडावळ्या, नाकात नथ. समोर अन्नपूर्णा, तांदळाची रास, कुंकू लावलेलं गेजवस्त्र आणि चारी कोपऱ्यांना रंगवलेल्या बोळक्यांच्या उतरंडी. डावीकडे मोठी खिडकी, तिला पातळ हिरवट पडदा. मागे फिकट भिंत, भिंतीवर स्विचबोर्ड. ट्यूबलाइट फ्रेममध्ये नाही, पण तिचा उजेड भिंतीवर पडलेला स्पष्ट कळतो. मुलीची मान जराशी खाली आहे आणि उजव्या हाताच्या चिमटीतून अक्षता सुटायच्या बेतात आहेत. टिपलेला क्षण फार सुंदर होता.

फोटोग्राफरने फाइल पाठवताना सांगितलं, "ताई, हा अल्बमच्या पहिल्या पानावर घ्यायचाय. हाय-की करून द्या. एकदम मोकळा, पांढराशुभ्र लुक हवाय." त्याच निरोपात नवरीच्या मावशींची मागणीही जोडलेली होती: चेहरा जरा उजळ करा, मुलगी फार सावळी आलीय.

या दोन मागण्या ऐकायला एकच वाटतात आणि लग्नाच्या एडिटिंगमध्ये बहुतेक वेळा एकाच स्लायडरने उरकल्या जातात. माझ्या मते इथेच रंगीत हाय-कीचा घात होतो. हाय-कीत माणसाभोवतीचा उजेड वाढवायचा असतो, माणसाच्या कातडीचा रंग बदलायचा नसतो. हे पाळून काम कसं केलं ते इथे सविस्तर लिहिते आहे, कारण सावळ्या चेहऱ्याचा रंगीत हाय-की आपल्याकडे रोज लागतो आणि त्यावर मराठीत फारसं कोणी बोलत नाही.

फाइल उघडल्यावर

हाय-की ही मुळात प्रकाशयोजनेची पद्धत आहे. मुख्य दिवा आणि सावली भरणारा दिवा यांच्यातला फरक कमी ठेवला की सावल्या मऊ पडतात. पार्श्वभूमीवरही भरपूर उजेड टाकला की फोटोतले बहुतेक टोन हिस्टोग्रामच्या (फोटोतल्या उजेडाच्या आलेखाच्या) उजव्या, म्हणजे उजळ बाजूला जातात. मात्र थोडासा खरा काळा रंग शिल्लक ठेवावाच लागतो: केस, बुबुळं, काजळ. तो नसेल तर फोटो उजळ दिसत नाही, विटका दिसतो.

एडिटिंगमध्ये हा लुक आणायचा तर मूळ फोटोतच त्याची निम्मी तयारी असावी लागते. इथे ती होती. खिडकीचा उजेड पडद्यातून गाळून येत होता, त्यामुळे चेहऱ्यावर कुठे कडक सावली नव्हती. भिंत फिकट, साडी पिवळी, तांदूळ पांढरे. गडद म्हणाल तर केस, चुडा आणि काठ एवढंच. याच लग्नातला संध्याकाळचा, मरून शालूतला एक फोटोही हाय-की करून मागितला होता. त्याला मी सरळ नाही म्हटलं. गडद शालू, मागे लाल पडदा, वर पिवळे दिवे. असल्या फोटोला पांढरं करायला गेलं की शालूची जरही जाते आणि संध्याकाळही जाते.

फाइल रॉ होती, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली कच्ची, १४ बिटची. म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या प्रत्येक चॅनेलला (रंगाच्या पट्टीला) उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या. जेपेगमध्ये त्या २५६ असतात. कॅमेऱ्याच्या मीटरने खिडकीचा उजेड हिशेबात धरून एक्स्पोजर खाली ओढलं होतं. मीटर समोरच्या दृश्याला मधल्या करड्याकडे न्यायला बघतो, म्हणून पांढरं जास्त असलेल्या फोटोत पांढरा नेहमी मळकट येतो. फोटो काढतानाच एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) वर दिला असता तर काम हलकं झालं असतं, पण इथे अंधारं आलेलं रॉ आपल्या फायद्याचंच ठरलं, कारण खिडकीची चौकट सोडली तर काहीच बर्न झालेलं, म्हणजे तपशील जाऊन कोरं पांढरं पडलेलं नव्हतं.

काहीही न करता फाइल फोटोशॉपमध्ये उघडून मी आधी आकडे टिपले. रंगाचे आकडे दाखवणाऱ्या आयड्रॉपरला ११ बाय ११ पिक्सेलची सरासरी लावली. आकडे ० (काळा) ते २५५ (पूर्ण उजेड) या मापातले. गाल: लाल १४२, हिरवा १००, निळा ७६. भिंत: १५४, १६३, १५१, म्हणजे हिरवट. साडीवरची उजेडाची बाजू: २२२, १७२, ३८. हे आकडे कागदावर लिहून मी कीबोर्डशेजारी ठेवते. उजेड वाढवत गेलं की डोळा दोन मिनिटांत सरावतो आणि मग किती उडालंय ते कळत नाही. लिहिलेले आकडे मात्र बदलत नाहीत.

तयार प्रीसेटने काय झालं होतं

फोटोग्राफरने स्वतः एक तयार हाय-की प्रीसेट (आधीच ठरवून ठेवलेली सेटिंग्ज) लावून बघितला होता आणि तो जेपेगही पाठवला होता. फोनवर पहिल्या नजरेला छान दिसत होता. मोठ्या स्क्रीनवर १०० टक्के झूम केल्यावर मात्र गोष्टी उघड्या पडल्या. तांदळाची रास म्हणजे एक पांढरा डाग, दाणा म्हणून एकही वेगळा नाही. मुंडावळ्यांचे मोती भिंतीत विरघळलेले. साडी २५५, २३८, १५०. अष्टपुत्रीचा हळदीचा पिवळा जाऊन लिंबाच्या सरबतासारखा फिका रंग उरलेला. गाल २३६, २०३, १८४.

गालाचा हा आकडा जरा थांबून बघावा. मूळ फोटोत लाल हा निळ्याच्या १.८७ पट होता. प्रीसेटनंतर तो १.२८ पट झाला. सावळेपणा म्हणजे नुसता कमी उजेड नसतो. त्यात लाल, हिरवा आणि निळा यांचं एक ठरावीक प्रमाण असतं, आणि ते प्रमाणच मोडलं होतं. म्हणून चेहरा उजळ झाला तरी परका वाटत होता. शिवाय गळ्याच्या सावलीत जुना रंग तसाच राहिलेला, त्यामुळे हनुवटीखाली चक्क एक रेघ पडली होती.

असं होण्यामागे साधं कारण आहे. कृष्णधवल फोटोत उजेडाची एकच पट्टी असते. रंगीत फोटोत तीन चॅनेल असतात आणि ते छताला एकाच वेळी टेकत नाहीत. त्वचेत लाल सगळ्यात वर असतो, म्हणून तो आधी २५५ ला पोचून थांबतो. हिरवा आणि निळा मागून चढतच राहतात. आधी त्वचा पिवळट पडते, मग पिठूळ. पिवळ्या साडीत लाल आणि हिरवा दोन्ही आधीच वर असतात, हलायला जागा असते ती फक्त निळ्याला. निळा चढला की पिवळ्यात पांढरा मिसळत जातो. एकाच फोटोत सावळी त्वचा आणि पिवळी साडी असेल, तर सगळ्या फोटोवर एकच एक्स्पोजर वाढवून चालतच नाही.

लाइटरूममधलं काम

लाइटरूम या रॉ फाइलींच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिली गोष्ट व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसेल असं रंगांचं संतुलन. पांढरा म्हणून कशावर टिचकी मारायची? तांदळात पिवळी झाक असते आणि वर साडीचंही प्रतिबिंब पडलेलं. मोती मुळातच सायीच्या रंगाचे. भिंतीवर ट्यूब आणि पडदा यांची मिसळ. गेजवस्त्राचा कापूस खिडकीकडे तोंड करून होता. त्यावरचं कुंकू टाळून, दोन ठिपक्यांच्या मधल्या कोऱ्या कापसावर आयड्रॉपर ठेवला. चेहऱ्यावर खिडकीचाच उजेड होता, त्यामुळे चेहरा एकदम जागेवर आला. भिंत हिरवट राहिली, तिचं पुढे बघायचं ठरवलं.

प्रोफाइल ‘अडोबी न्यूट्रल’ निवडलं. नेहमीच्या ‘अडोबी कलर’मध्ये कॉन्ट्रास्ट आधीच चढवलेला असतो आणि इथे आपल्याला तो उतरवायचाच आहे. एक्स्पोजर अधिक ०.८५, हायलाइट्स उणे ४०, शॅडोज अधिक ४५. ब्लॅक्सला हात लावला नाही. हाय-कीच्या नावाखाली ब्लॅक्स वर ओढायची फार सवय पडली आहे; तसं केलं की केसांवर धूर बसल्यासारखं दिसतं.

व्हाइट्सचा स्लायडर मात्र ऑल्ट दाबून धरून हलवला. तसं केल्यावर स्क्रीन काळी होते आणि ज्या जागी चॅनेल छताला टेकतो तिथे त्याचा रंग उमटतो. खिडकीच्या चौकटीत पांढरे डाग दिसले, ते मान्य. पण थोडं पुढे सरकताच साडीच्या खांद्यावरच्या घडीत पिवळे ठिपके उमटले. याचा अर्थ तिथे लाल आणि हिरवा दोन्ही संपले होते, निळा अजून खाली होता. ठिपके नाहीसे होईपर्यंत स्लायडर मागे घेतला आणि तिथेच थांबवला. या फोटोत उजेडाची मर्यादा भिंतीने नाही, साडीने ठरवली.

आता मास्क, म्हणजे फोटोचा एकच भाग निवडून बदलायची सोय. ‘सिलेक्ट सब्जेक्ट’ने नवरी निवडली, मास्क उलटा केला, म्हणजे पार्श्वभूमी हातात आली. तिथे एक्स्पोजर अधिक १.१, सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) उणे ६०, क्लॅरिटी थोडी उणे. भिंतीचा हिरवा गेला आणि ती २४६, २४६, २४४ च्या आसपास आली. हाय-कीचा सगळा मोकळेपणा या एका पायरीत येतो. चेहऱ्याला अजून वेगळा हातही लागलेला नसतो, तरी तो उठून दिसायला लागतो.

पण याच पायरीवर फोटो खोटाही दिसू शकतो. मास्कची कड केसांजवळ नीट बसत नाही. अंबाड्याभोवती आणि कानामागच्या भुरभुऱ्या केसांभोवती मळकट भिंतीची एक बारीक रेघ राहून गेली होती, कात्रीने कापून चिकटवल्यासारखी. तिथे मी मऊ ब्रश घेतला, फ्लो अगदी कमी ठेवला आणि पार्श्वभूमीचा मास्क केसांच्या कडेवर किंचित आत येऊ दिला. खोलीत खरोखर एवढा उजेड असता तर तो केसांच्या कडेवरही आलाच असता. नथीच्या बाहेरच्या मोत्याला उलट केलं: त्याच्यावरून मास्क पुसला, कारण भिंतीसमोर तो मोती दिसायचा तर त्याची कड भिंतीपेक्षा गडदच राहायला हवी.

मग चेहरा. ‘सिलेक्ट पीपल’मधून चेहऱ्याची आणि अंगाची त्वचा दोन्ही एकाच मास्कमध्ये घेतली. फक्त चेहरा घेतला की मान आणि हात मागे राहतात, तीच हनुवटीखालची रेघ पुन्हा येते. एक्स्पोजर अधिक ०.२५, एवढंच. गाल १८४, १३२, १०२ वर आला. लाल निळ्याच्या १.८० पट, जवळपास मूळ प्रमाणात. चेहरा मूळ फाइलपेक्षा स्पष्ट उजळ आहे, डोळ्यांखालची सावली हलकी झाली आहे, पण रंग तिचाच आहे.

त्वचेसाठी बरेच जण कलर मिक्सरमधला ऑरेंज ल्युमिनन्स (नारिंगी रंगाचा उजळपणा) वर करतात. इथे तो मुद्दाम टाळला. हळद लागलेले हात, बोळक्यांवरचा गेरू, साडीतली दाट घडी, सगळंच त्या ऑरेंजमध्ये येतं. एक स्लायडर हलवला की त्वचेसकट चारी गोष्टी फिक्या पडतात. येलोचा मात्र उपयोग केला: ह्यू (रंगछटा) उणे ६, म्हणजे पिवळा किंचित हळदीकडे, ल्युमिनन्स उणे १२, सॅच्युरेशन अधिक ८. साडी २४४, १९८, ६६ वर स्थिरावली. सगळा फोटो वर चढवताना साडी तेवढी खाली ओढायची हे पहिल्यांदा करणाऱ्याला पटत नाही, पण पांढऱ्याच्या गराड्यात पिवळा टिकवायचा तर दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही.

फोटोशॉपमध्ये

स्विचबोर्ड काढला, पडद्याची दोरी काढली. यात सांगण्यासारखं विशेष काही नाही.

खरा प्रश्न होता मधल्या टोनचा. साडीचा पदर आणि पाटाची पुढची बाजू अजून जड वाटत होती. हाय-कीची सगळ्यात प्रसिद्ध युक्ती म्हणजे लेयरची (फोटोच्या थराची) कॉपी करायची आणि ब्लेंड मोड, म्हणजे वरचा थर खालच्यात मिसळायची पद्धत, ‘स्क्रीन’ करायचा. ती पूर्ण ताकदीने का लावली नाही ते आकड्यांतच कळतं. स्क्रीनमध्ये १२८ चा १९२ होतो. हे हवंच आहे. पण २०० चा २४३ होतो आणि २३० चा २५२. म्हणजे २०० आणि २३० मधलं तीस पायऱ्यांचं अंतर नऊ पायऱ्यांवर येतं. तांदळाचे दाणे, मोत्यांची गोलाई आणि कापसाचे तंतू नेमके त्याच तीस पायऱ्यांत राहतात. प्रीसेटमध्ये तांदळाचा डाग झाला तो अशाच गणिताने.

म्हणून स्क्रीन लेयर ३५ टक्के ओपॅसिटीवर ठेवला आणि ‘ब्लेंड इफ’मध्ये खालच्या लेयरचं पांढरं टोक साधारण १६० पासून फोडून मागे घेतलं, म्हणजे उजळ भागावर त्याचा परिणाम हळूहळू शून्य होतो. त्यावर एक कर्व्हज (उजेडाची वक्ररेषा) लेयर, मध्यभाग थोडा उचललेला, मोड ‘ल्युमिनॉसिटी’. नॉर्मल मोडमध्ये कर्व्ह तिन्ही चॅनेलना वेगवेगळं ढकलतो, त्यात रंग सरकतात. ल्युमिनॉसिटीत फक्त उजेड बदलतो. तो बदल कधी कधी जरा कोरडा दिसतो. इथे चेहऱ्यावर तसं वाटलं, म्हणून त्वचेवरून या लेयरचा मास्क निम्मा पुसला.

शेवटी चुडा. पार्श्वभूमी उजळल्यावर काचेचा हिरवा जरासा पाण्यात घातल्यासारखा झाला होता. दोन्ही मनगटांवर छोटा कर्व्ह देऊन बांगड्यांच्या फटींतली सावली परत गडद केली, सॅच्युरेशनला हातही न लावता. सावली परतल्याबरोबर हिरवा आपोआप हिरवा झाला. हाय-की फोटोत रंग कमी वाटले की लगेच सॅच्युरेशन वाढवू नये. आधी त्या रंगाशेजारचा गडदपणा तपासावा.

ज्यांच्याकडे अडोबीचं वर्गणीवालं सॉफ्टवेअर नाही त्यांना यातलं बहुतेक काम डार्कटेबल किंवा रॉथेरपी आणि गिंप यांत फुकट करता येतं. गिंपच्या २०२५ मध्ये आलेल्या ३.० आवृत्तीत फिल्टर मूळ लेयरला धक्का न लावता बसवता येतात, ही मोठी सोय झाली. निक कलेक्शन या प्लगइन संचातल्या कलर इफेक्समध्ये ‘हाय की’ नावाचा स्वतंत्र फिल्टरच आहे. तो लावायला हरकत नाही, पण सावळ्या त्वचेवर त्याचा मास्क वेगळा करायची तयारी हवी.

कागदावर

अल्बमचं पान बारा बाय छत्तीस इंचाचं, ३०० डीपीआय, एसआरजीबी जेपेग. पार्श्वभूमी मुद्दाम २४५ च्या आसपास थांबवली होती, तिचा उपयोग इथे झाला. २५५ वर छापताना कागदावर काहीच पडत नाही. फोटोची कड कुठे संपली आणि पान कुठे सुरू झालं ते कळत नाही. २४५ वर एक पुसटसा टोन पडतो आणि फोटोला कड राहते. डिझायनरने तरीही भोवती केसाएवढी करडी रेघ दिली, ती चांगली दिसली.

मोठं पान छापण्याआधी लॅबकडून लहान प्रिंट मागवली. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी असं मला कळकळीने वाटतं, कारण हाय-की फोटोची फसगत स्क्रीनवरच होते. माझा मॉनिटर कॅलिब्रेट केलेला आणि १२० कँडेला प्रति चौरस मीटरवर ठेवलेला असतो. बहुतेकांचे याच्या दुप्पट उजेडावर चालतात आणि मग छापून आलेला फोटो अंधारा वाटतो. प्रिंटमध्ये भिंत, चेहरा, तांदूळ बरोबर आले. साडी एक पायरी मंद वाटली, म्हणून येलो ल्युमिनन्स उणे १२ वरून उणे ८ केला. बाकी काही बदललं नाही.

मावशींचा प्रश्न राहिला होता. त्यांना नुसतं नाही म्हणणं बरोबर नव्हतं. त्यांना जे खटकलं होतं ते मूळ फोटोत खरंच होतं, चेहरा अंधारात होता. प्रीसेटवाला आणि हा, असे दोन्ही फोटो एकाच आकारात छापून फोटोग्राफरने घरी दाखवले. नवरीने हातातलं दुसरं प्रिंट आईपुढे धरलं आणि म्हणाली, "हे बघ, यात मी आहे." मावशींनी आधी नथ बघितली, मग चेहरा, आणि त्यांनीही तेच ठेवायला सांगितलं.

याच खोलीतल्या बाकीच्या फोटोंवर लाइटरूमची सेटिंग्ज सिंक केली, मास्क प्रत्येक फोटोत नव्याने निवडायला लावून. नवरीला उचलून आणणाऱ्या मामांच्या फोटोत मात्र ती चालली नाहीत. मामांचा सदरा पांढरा होता आणि २४६ च्या भिंतीसमोर त्याची बाही दिसेनाशी होत होती. तिथे भिंत २३० वर ठेवली, सदऱ्याच्या घड्यांतली सावली थोडी परत आणली आणि तो फोटो पहिल्या पानाऐवजी आतल्या पानावर घ्यायला सांगितला.